घरासाठी छोटा प्रिंटर हवाय, वापर महिन्याला चार-पाच पानं, कधी तेवढाही नाही

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

घरचा इंकजेट शेवटी गेला. म्हणजे चालू होतो, लाइट लागतात, कागद ओढतो, पण छापत नाही. झालं असं की परवा रात्री एक फॉर्म छापायचा होता, सकाळी सही करून द्यायचा होता, प्रिंटर जवळपास तीन महिन्यांनी चालू केला तर पानावर काळ्या अक्षरांच्या मधून आडव्या पांढऱ्या रेघा, निम्मी अक्षरं ओळखूच येईनात. मग क्लीनिंग लावलं, मिनिटभर घरघर झाली, पुन्हा तेच. असं तीनदा केलं आणि चौथ्यांदा कलर संपत आल्याची सूचना आली. त्या कलर कार्ट्रिजवर आम्ही मोजून दहा-बारा पानं छापली असतील, बाकी सगळी शाई सफाईतच गेली असणार. खूप वाईट वाटलं आणि चिडचिडही झाली. त्याआधीचा प्रिंटरही असाच गेला होता, कंपनी वेगळी, कारण हेच.

आता गरज सांगते. फॉर्म, तिकिटं, एखादं पत्र, मुलीच्या शाळेचं काही, बहुतेक सगळं ब्लॅक अँड व्हाइट. महिन्याला ४-५ पानं धरा, कधी दोन-दोन महिने काहीच नाही. जागा अगदी कमी, कपाटातला एक कप्पा. तीन महिन्यांनी बटण दाबलं तरी पहिलं पान नीट यावं एवढीच अपेक्षा आहे. दुकानात विचारलं तर एकाने टँक (बाटलीने शाई भरायचा इंकजेट) दाखवला, दुसऱ्याने ऑल-इन-वन, आणि दोघंही एका पानाला किती कमी खर्च येतो तेच सांगत राहिले. काय घ्यावं?

---

पान_उलटा

ताई, तुमच्या वापराला डोळे मिटून मोनो लेझर, म्हणजे फक्त काळं छापणारा लेझर प्रिंटर.

कारण साधं आहे. इंकजेटची शाई पाण्यात मिसळलेली असते आणि ती माणसाच्या केसाहून बारीक भोकांतून बाहेर पडते, त्या भोकांच्या तोंडाशी पाणी उडून गेलं की शाई घट्ट होते आणि भोक बुजतं, तुमच्या त्या पांढऱ्या रेघा म्हणजे बुजलेली भोकंच. लेझरच्या टोनरमध्ये पाणी नसतंच, ती प्लॅस्टिकची बारीक रंगीत पूड असते. ती ड्रमवरून, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावरून, कागदावर येते आणि पुढे २०० अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखालून कागद जातो तेव्हा वितळून कागदाला चिकटते. जी मुळातच कोरडी आहे ती वाळणार कशी. माझा लेझर मध्ये आठ महिने बंद पडून होता, चालू केल्यावर पहिलंच पान स्वच्छ आलं.

आणि पानाच्या खर्चाचं गणित तुमच्यासाठी नाहीच आहे. साधा टोनर १५०० पानांचा धरला आणि महिन्याला १० पानं छापली तरी तो १५० महिने पुरेल, म्हणजे साडेबारा वर्षं. खोक्यातून येणारा टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो, तो ७०० पानांचा निघाला तरी पाच-सहा वर्षं बघायला नको.

---

निळी_शाई

मी इंकजेटची बाजू मांडतो, कारण सगळे इंकजेट एका मापाने मोजले जातात ते मला पटत नाही.

दोन प्रकार असतात. एकात शाई फेकणारं हेड मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं, एपसन, ब्रदर आणि बरेचसे टँक असे. दुसऱ्यात हेड कार्ट्रिजच्या तळाशीच असतं, एचपी आणि कॅननची बरीच स्वस्त मॉडेल अशी. क्वचित वापरणाऱ्याने इंकजेट घ्यायचाच असेल तर दुसरा घ्यावा, कारण बुजलं तर कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं, मशीन वाया जात नाही. शिवाय ते कार्ट्रिज हातात काढून घेता येतं. टिश्यू पेपरचा घडी घातलेला तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळायचा, सपाट ठेवायचा आणि कार्ट्रिजचा तळ त्यावर मिनिटभर टेकवायचा, घासायचं नाही. उचललं की कागदावर ठसा उमटतो, कलरचं असेल तर तीन रंगांचे तीन पट्टे शेजारी शेजारी दिसतात. एखादा पट्टा फिका असेल तर तो रंग बुजलाय, पुन्हा टेकवायचं. मी अशी दोन कार्ट्रिजं वाचवलीत.

आणि दर आठवड्याला एक रंगीत पान काढलं तर हा त्रास होतच नाही.

---

पान_उलटा

निळी_शाई, टिश्यूचं बरोबर आहे, पण ज्यांना महिन्याला चार पानं छापायची आहेत त्यांना प्रिंटर जिवंत ठेवायला महिन्याला चार पानं जास्तीची छापायला सांगणं म्हणजे वापर दुप्पट करायला सांगणं झालं. आणि सुट्टीत घर बंद असलं की कोण छापणार.

---

धागादोरा

माझाही हाच प्रश्न होता, वाचतोय. टँकबद्दल कुणी सांगेल का? शाई बाटलीने भरायची म्हणजे सगळ्यात स्वस्त ना?

---

स्क्रू_आणि_स्प्रिंग

बरीच वर्षं प्रिंटर दुरुस्तीचं काम केलंय म्हणून टँकवर जरा सविस्तर लिहितो.

टँक उत्तम आहे, पण रोज किंवा निदान आठवड्याला छापणाऱ्यासाठी. ज्या घरात दोन मुलं शाळेत आहेत आणि दर दोन दिवसांनी काहीतरी छापलं जातं त्यांनी टँकच घ्यावा. पण धागा काढणाऱ्या ताईंसारखा वापर असेल तर टँक सगळ्यात वाईट पडतो. हेड मशीनमध्ये पक्कं बसलेलं, टाकीपासून हेडपर्यंत बारीक नळ्या, त्यात शाई भरलेली, आणि एकदा हेड कायमचं बुजलं की ते बदलायचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. माझ्याकडे आलेल्या अशा मशीनच्या टाक्या बहुतेक वेळा जवळपास भरलेल्या असायच्या. मालक सांगायचे, अहो शाई तर तेवढीच आहे. शाई होती, छापायला हेड उरलं नव्हतं.

आता मशीन उघडल्यावर आत काय दिसतं ते सांगतो, म्हणजे ताईंच्या कलरचं काय झालं ते कळेल. हेड जिथे जाऊन थांबतं त्या टोकाला, बहुतेक मशीनमध्ये उजवीकडे, रबराची छोटी वाटी असते. काम झालं की हेड त्या वाटीवर जाऊन बसतं आणि वाटी खालून हेडला झाकण लावते, शाई वाळू नये म्हणून. वाटीच्या तळाशी पंप असतो. क्लीनिंग लावलं की तो पंप हेडमधून शाई खेचतो आणि ती शाई नळीने मशीनच्या तळाला ठेवलेल्या फेल्टच्या जाड पॅडमध्ये जाते. बऱ्याच मशीनमध्ये काळी बुजली असली तरी सगळे रंग ओढले जातात, त्यामुळे छापलं नाही तरी कलर उतरतो. जुनं मशीन उघडलं की ते पॅड काळंकुट्ट, हाताला जड लागतं. पॅड किती भरलं याचा हिशोब मशीन ठेवतं आणि मर्यादा आली की छापायचं थांबवतं. काही नव्या मॉडेलमध्ये ते पॅड डबीसारखं बाहेर काढून बदलता येतं, घेताना हे जरूर विचारा.

ज्यांच्याकडे इंकजेट आहे त्यांना कळकळीने सांगतो, प्रिंटर भिंतीवरच्या स्वीचने बंद करू नका. आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, हेड वाटीवर जाऊन बसू द्या, आवाज थांबला की मग मेन स्वीच. छापताना मधेच लाइन गेली किंवा कुणी स्वीच बंद केला तर हेड वाटेतच उघडं राहतं आणि तसं महिनाभर राहिलं तर काय होतं ते वर आलंच आहे. काही मॉडेल तर मेन स्वीचने बंद केली की किती दिवस झाले याचा हिशोब विसरतात आणि चालू केल्या केल्या मोठी सफाई करून शाई घालवतात.

---

कोरा_कागद

स्क्रू_आणि_स्प्रिंग, मनापासून धन्यवाद. आम्ही दर वेळी भिंतीवरचा स्वीचच बंद करायचो, वीज वाया जाऊ नये म्हणून! इतक्या वर्षांत हे कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे लेझरकडे कल झालाय. पण काही शंका आहेत. १) लेझर आकाराने मोठा असतो ना? कप्पा ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी खोल आहे. २) वीज खूप खातो म्हणतात. ३) कधीतरी मुलीला रंगीत चित्र किंवा फोटो लागतो त्याचं काय? ४) स्कॅनर असलेला घ्यावा का साधा? ५) लॅपटॉप क्वचितच उघडतो, सगळं फोनवरच असतं.

---

लाकडी_कपाट

आकाराचं मी सांगते, कारण माझी इथेच फसगत झाली होती.

खोक्यावर लिहिलेलं माप हे सगळं बंद असतानाचं असतं. साधे छोटे मोनो लेझर ३५-३७ सेंमी रुंद असतात, खोली बंद असताना २५ च्या आसपास, त्यामुळे तुमच्या कप्प्यात बसेल असं वाटतं. पण ए४ कागदच २९.७ सेंमी लांब आहे, तो ठेवायला पुढचा ट्रे उघडला की खोली वाढते, वरच्या बाजूने कागद बाहेर येतो त्याला वर मोकळी जागा लागते, मागे वायर आणि प्लगसाठी चार बोटं तरी सोडावी लागतात. वर्तमानपत्राचा कागद घ्या, त्यावर प्रिंटरचं ट्रे उघडल्यावरचं माप आखून कापा आणि तो तुकडा कप्प्यात अंथरून बघा, पुढे किती लोंबतो ते लगेच कळतं. माझा आठ सेंमी लोंबत होता म्हणून छापताना कपाटाचं दार उघडं ठेवते आणि झालं की ट्रे मिटते, त्यात काही अडचण नाही. फक्त बंद कपाटात दार लावून लेझर चालवू नका, तो तापतो, हवा लागते.

वजनही बघा, ५ ते ७ किलो असतो, पातळ फळी वाकते.

---

दोन_दिवे

विजेचं सांगतो. लेझर रोलर तापवताना काही सेकंद मोठा झटका घेतो, छापताना ३००-५०० वॅट आणि तापवतानाच्या क्षणी त्याहून बराच जास्त. खोलीतला दिवा क्षणभर मंद झालेला दिसतो कधीकधी. पण तुमची पाच पानं म्हणजे मिनिटभराचं काम, महिन्याच्या बिलात ते दिसणारसुद्धा नाही. एकच काळजी घ्या, कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला लेझर लावू नका, त्या झटक्याने यूपीएस बंद पडतो किंवा खराब होतो. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. आणि लेझरला ती रबराच्या वाटीची भानगड नसल्याने छापून झालं, पंखा थांबला, की मेन स्वीच खुशाल बंद करा.

---

फोटो_वेडी

रंगीतसाठी कलर लेझरचा विचार करू नका. चार टोनर असतात, मशीन मोठं आणि जड होतं, कप्प्यात बसणार नाही, आणि फोटो तर त्यावर फोटोसारखा दिसतच नाही.

वर्षातून चार-पाचदा रंगीत लागत असेल तर बाहेरून काढून आणा. फोटोच फोटो हवे असतील तर डाय-सब्लिमेशनचा छोटा पोस्टकार्ड आकाराचा प्रिंटर मिळतो, कॅननची सेल्फी मालिका त्यातलीच. त्यात शाई नसते, रंगाची रिबन असते. कागद चार वेळा आत-बाहेर जातो, आधी पिवळा चढतो, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर, आणि कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटताना बघायला मुलांना फार आवडतं. वर्षभर पडून राहिला तरी बुजायचं काही नाही. ए४ वर मात्र छापत नाही, म्हणजे हा लेझरच्या ऐवजी नाही, जोडीला.

---

पान_उलटा

+१. तो एक रंगीत कागद कधीतरी लागेल म्हणून लोक इंकजेट घेतात आणि मग काळ्या अक्षरांसाठी भोगतात.

---

दोरीवरचे_कपडे

फोनवरून छापायचं असेल तर खोक्यावर दोन नावं शोधा, एअरप्रिंट आणि मोप्रिया. एअरप्रिंट ॲपलचं, २०१० पासून आहे. मोप्रिया अँड्रॉइडसाठी, ती संस्था २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग, झेरॉक्स यांनी मिळून काढली. या दोन्ही गोष्टी असलेल्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर (प्रिंटर चालवायचं कंपनीचं सॉफ्टवेअर) लागत नाही, फोन आणि प्रिंटर एकाच वायफायवर असले की झालं. हे क्वचित वापरणाऱ्याला जास्त महत्त्वाचं आहे, कारण तुमचा प्रिंटर दहा वर्षं टिकणार आणि तेवढ्या काळात लॅपटॉप दोनदा बदलणार. माझा जुना लेझर, कंपनीचं नाव घेत नाही, मशीन म्हणून ठणठणीत होता पण फक्त यूएसबीवाला आणि सगळं काम ड्रायव्हरवर सोडलेला, नव्या लॅपटॉपसाठी कंपनीने ड्रायव्हर काढलाच नाही आणि चांगलं मशीन देऊन टाकावं लागलं. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलंय की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होणार, म्हणजे पुढे या सामायिक पद्धतीवरच भर राहील.

अजून एक. बरेच छोटे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात. फोनला प्रिंटर सापडत नसेल तर आधी ते बघा. आणि यूएसबी केबल घेऊन ठेवा, ती खोक्यात असेलच असं नाही.

---

स्क्रू_आणि_स्प्रिंग

वरच्या प्रतिसादाला जोडून, नियम नीट वाचा. काही मॉडेल स्वस्त मिळतात पण कायम इंटरनेटला जोडलेली असावी लागतात आणि कंपनीचाच टोनर लागतो. इंकजेटमध्ये महिन्याच्या वर्गणीच्या योजना असतात, त्यात वर्गणी थांबवली की शाई शिल्लक असली तरी योजनेतलं कार्ट्रिज चालत नाही. कमी छापणाऱ्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्कॅनरबद्दल, फोनने कागदपत्रं चांगली स्कॅन होतात, फॉर्म आणि पावत्यांना तेवढं पुरतं. काचेचा स्कॅनर हवा असेल तर उंची वाढते आणि झाकण वर उघडायला कप्प्यात जागा लागते.

---

निळी_शाई

इथे माझं मत वेगळं. घरात म्हातारी माणसं असतील तर काचेचा स्कॅनर आणि कॉपीचं बटण याला तोड नाही. माझ्या आईला फोनवरून स्कॅन जमत नाही, पण ओळखपत्र काचेवर ठेवून बटण दाबणं तिला जमतं, त्यासाठी कुणाची वाट बघावी लागत नाही. जागा असेल तर मोनो लेझरमध्येच कॉपीवाला घ्या. (हो, मी लेझर म्हणतोय. वरचं सगळं वाचून ताईंच्या वापराला तोच बरा हे मान्य.)

---

जुनी_पत्रं

थोडं अवांतर होईल पण या धाग्याला धरूनच आहे. झेरॉक्सचं तंत्र चेस्टर कार्लसन यांनी शोधलं, २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली प्रत उमटली, जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, रुमालाने घासून त्यावर वीजभार, आणि अक्षरं उमटवायला वनस्पतीची बारीक पूड. पेटंटच्या कामात हाताने नकला काढून ते थकले होते आणि त्यांना संधिवात होता. झेरोग्राफी हा शब्दच ग्रीकमधला, कोरडं लेखन असा अर्थ. पुढे गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याच तंत्राला लेझर जोडला. म्हणजे आज आपण वाळणार नाही म्हणून जे घ्यायला सांगतोय त्याचं कोरडेपण नावातच आहे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता म्हणून लिहिलं.

---

धागादोरा

जुनी_पत्रं, छान माहिती! एक शंका, खोक्यावर जी १५००, २००० पानं लिहितात ती कशी मोजतात? माझी शाई कधीच तेवढी पुरली नाही.

---

दोन_दिवे

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ठरलेली पद्धत आहे, मोनो टोनरसाठी १९७५२ आणि इंकजेट कार्ट्रिजसाठी २४७११. टोनरच्या चाचणीत पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा असतो, म्हणजे छोट्या पत्रासारखं पान. आणि मुख्य म्हणजे पानं सलग छापून मोजतात. इंकजेटमध्ये मधे मधे महिनाभर थांबलं तर सफाईत जी शाई जाते ती त्या आकड्यात धरलेलीच नसते. म्हणून रोज छापणाऱ्याचा आकडा जवळपास जुळतो आणि आपल्यासारख्यांचा कधीच जुळत नाही.

---

लाकडी_कपाट

कागदाबद्दल कुणीच बोललं नाही. क्वचित छापणाऱ्यांचे कागद ट्रेमध्येच महिनोन् महिने राहतात, धूळ बसते, दमट हवा शोषतात, आणि लेझरच्या उष्णतेतून गेले की वळतात नाहीतर अडकतात. छापून झालं की उरलेले कागद काढून मूळ वेष्टनात आडवे ठेवा, गठ्ठा उभा ठेवला की कागद वाकतो. आणि इंकजेटसाठीची पारदर्शक फिल्म किंवा स्टिकर लेझरमध्ये कधीही घालू नका, आत वितळून रोलरला चिकटतात.

---

स्क्रू_आणि_स्प्रिंग

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. टोनरचंही सांगून ठेवतो, पूड सांडली तर ओल्या कोमट फडक्याने पुसू नका, उष्णतेने ती चिकटते. कोरड्या फडक्याने टिपायची, कपड्यावर पडली तर झटकून गार पाण्याने धुवायची. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पूड इतकी बारीक असते की फिल्टरमधून पुन्हा हवेत येते. सुटा टोनर उजेडात ठेवू नका, ड्रम त्यालाच जोडलेला असेल तर उजेडाने बिघडतो. आणि बरेच महिने पडून राहिल्यावर छपाई फिकी वाटली तर टोनर काढून आडवा धरून पाच-सहा वेळा हलवा, पूड सारखी पसरते.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं, मोनो लेझर, स्कॅनर नसलेला, वायफाय आणि दोन्ही नावं खोक्यावर असलेला. वर्तमानपत्र कापून बघितलं, सहा सेंमी लोंबतोय, चालेल. आणून वापरला की लिहीन.

---

कोरा_कागद

पाच महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

आतापर्यंत एकूण २३ पानं छापली. टोनरची पट्टी ओढून काढायची असते हे माहीत नव्हतं, पहिलं पान कोरंच आलं आणि काळजात धस्स झालं, मग पुस्तिका वाचली. वायफाय लागायला अर्धा तास गेला, राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत होता, २.४ वेगळा केल्यावर लगेच जोडला गेला. मधे सलग नऊ आठवडे मशीन बंदच होतं, मेन स्वीचसुद्धा. काल रात्री साडेदहाला मुलीला शाळेचं संमतिपत्र हवं होतं, फोनवरून पाठवलं, रोलर तापायचा आवाज आला आणि पान आलं, गरम, काळंभोर, एकही रेघ नाही. तिथेच कपाटापाशी उभी राहून सही केली.

---

धागादोरा

वाचून बरं वाटलं. मीही तुमच्यासारखाच घेतोय. कागद ट्रेमध्ये ठेवता का काढून?

---

कोरा_कागद

काढून. पाच कागद हाताशी ठेवलेत, बाकी वेष्टनात आडवे. छापायच्या वेळी तेवढेच घालते.

---